मुंबईचा नकाशा आणि त्यामागचे कायदे

1896 साली मांडवीत प्लेगची पहिली लागण झाली आणि दोन वर्षांत सरकारने कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि नव्या जमिनी वसवणे हे त्याचे काम होते. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याची आखणी आणि आजही उभ्या असलेल्या बी.आय.टी. चाळी ही त्याचीच देणगी. ट्रस्टचा अध्यक्ष मात्र सरकार नेमी. निवडून आलेली महापालिका 1888 च्या कायद्याने अस्तित्वात असतानाही शहर आखण्याचा अधिकार तिच्या बाहेर ठेवला गेला. ट्रस्ट 1933 मध्ये पालिकेत विलीन झाला, पण ही सवय गेली नाही.

1915 चा मुंबई नगररचना कायदा वेगळ्या वाटेचा होता. जमीन सरसकट संपादन करण्याऐवजी मालकांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र घ्यायचे, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेले सरळ भूखंड त्यांनाच परत द्यायचे. वाढलेल्या किमतीतला काही वाटा योजनेच्या खर्चासाठी वसूल होई. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील कितीतरी गल्ल्या अशा योजनांतून निघाल्या. 1960 नंतर गुजरातने हीच पद्धत जपली. महाराष्ट्र मात्र विकास आराखडा आणि आरक्षणांवर विसंबला.

आरक्षणांचा पाया 1954 च्या कायद्याने घातला आणि 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तो पक्का केला. शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी खासगी जमिनीवर रेघ ओढायची आणि ती जमीन सवडीने ताब्यात घ्यायची, असा हा मार्ग. पैसा अपुरा, त्यामुळे ताबा रखडे. दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालकाला नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेण्याची वाट कलम 127 ने ठेवली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क, देण्याची सोय केली. मैदानाची जमीन पालिकेला मिळे, पण तिच्या बदल्यात दिलेले बांधकाम उपनगरांत उगवे.

1966 च्या याच अधिनियमाने प्रादेशिक मंडळे आणि विशेष नियोजन प्राधिकरणेही आणली. 1970 मध्ये सिडको आणि 1975 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. वांद्रे-कुर्ला संकुल पालिकेच्या हद्दीत असूनही त्याचे नियोजन या महानगर प्राधिकरणाकडे गेले, झोपडपट्टी पुनर्वसनासाठी पुढे आणखी एक यंत्रणा आली. ट्रस्टची सवय म्हणतात ती हीच.

पालिका आराखडा करते, हरकती-सूचना मागवते, पण मंजुरी राज्य सरकारची लागते. 2015 मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा सरकारच्या आदेशाने नव्याने करावा लागला आणि अखेर 2018 मध्ये मंजूर झाला. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतला पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा आहे. तो पालिकांकडे किती सोपवायचा हे मात्र त्या दुरुस्तीने राज्यांवरच सोडले.