लिंगभाव-अस्वस्थता : उपचार
जन्मवेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांतील विसंगतीमुळे होणारा तीव्र मानसिक त्रास. उपचार व्यक्तीगणिक ठरतात : समुपदेशन, नाव-पेहराव बदलून जगणे, इस्ट्रोजेन वा टेस्टोस्टेरॉन, हवी असल्यास शस्त्रक्रिया. सगळ्यांना सारे टप्पे लागत नाहीत, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे. टेस्टोस्टेरॉनने घोगरा झालेला आवाज औषध थांबवल्यावरही तसाच राहतो. संप्रेरकांमुळे प्रजननक्षमताही घटू शकते, म्हणून त्याविषयीचे बोलणे उपचारांपूर्वीच व्हायला हवे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलात २००७ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली. राज्याने २०२२ मध्ये या उपचारांना कायद्याचे संरक्षण दिले. अल्पवयीनांच्या औषधोपचारांबाबत मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत.