रक्तातील लोहाचे मोजमाप आणि गडचिरोलीचा प्रश्न

१/ हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा हा रक्तातील लोहाचा ताळेबंद मानला गेला. हा ताळेबंद किती विश्वासार्ह होता? आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात तो अपुरा का ठरला?

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी फिनलंडचे टालक्विस्ट टिपकागदावरील रक्ताचा थेंब रंगपट्टीशी ताडून पाहत. ही रीत स्वस्त होती, पण ढोबळ.

३/ त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या साहलींची नळी आली. रक्तात आम्ल मिसळून होणारा तपकिरी रंग, थेंबथेंब पाणी घालत, प्रमाण काचेच्या रंगाशी जुळवायचा. रंग पूर्ण उतरण्यास वेळ लागे आणि निवाडा अखेर डोळ्यांचाच. घाई झाली की आकडा घसरे. भारतातील असंख्य दवाखाने दीर्घकाळ याच नळीवर चालले.

४/ पुढे ड्रॅबकिन यांच्या द्रावणाने हिमोग्लोबिनचे स्थिर संयुग बनवता आले. ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते किती शोषते, हे यंत्र मोजू लागले. १९६०च्या दशकात हीच पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली.

५/ तरीही अचूक आकडा पंडुरोगाचे कारण सांगत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात आणि एकूणच पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो. या आजारात तांबड्या पेशी अकाली फुटतात. हिमोग्लोबिन घटते, पण लोहाची उणीव असतेच असे नाही. वारंवार रक्त चढवावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह साचते.

६/ येथे दुसरी चाचणी लागते. सोल्युबिलिटी चाचणीत नळीतील द्रावण गढूळ झाले, की सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. माणूस वाहक की रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युत्क्षेत्रात हे हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकते, हे दाखवले. या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये वाहकाचे दोन पट्टे दिसतात. रुग्णात नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो.

७/ हा फरक केवळ शास्त्रीय नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी असतो. त्याला रुग्ण ठरवणे हा अन्याय, आणि रुग्णाला केवळ लोहाच्या गोळ्यांवर ठेवणे हा धोका.

८/ रक्तमापनाच्या या इतिहासाचे सार एवढेच: किती आहे, हे अचूक मोजले तरी का आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. जंगलातल्या गावापर्यंत दोन्ही उत्तरे पोहोचली, तरच मोजमाप सार्थ.