भिंतीआडचं म्हातारपण

वेगवेगळ्या संघांच्या वयोवृद्ध कॅथलिक सिस्टर एका छताखाली राहू लागल्या की बहुतेकांचा सूर एकच असतो: माणसं आटली, घरं परवडेनाशी झाली, म्हणून ही तडजोड. अमेरिकेकडे पाहिलं तर तो खोटाही वाटत नाही. 1965 साली तिथे सुमारे 1 लाख 80 हजार सिस्टर होत्या. आज 40 हजारही नाहीत, आणि त्यांतही सत्तरी ओलांडलेल्याच जास्त. बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात ही वेळ अजून आलेली नाही. कलबुर्गीचा स्वतंत्र धर्मप्रांतच मुळी 2005 सालचा. हात चालतात तोवर शाळा-दवाखान्यांत काम करायचं आणि थकल्यावर संघाच्या लांबच्या मुख्य घरी परतायचं, अशी सिस्टरांची साधारण रीत. पण एकत्र राहणं म्हणजे पडती बाजू, ही समजूत मला इतिहासाला धरून वाटत नाही. व्रतस्थ बायकांच्या घराला माणसं कमी झाल्याचा धोका असतोच. त्याहून मोठा धोका असतो ते घर इतरांना बंद असल्याचा. याचा पुरावा आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात उभा आहे.

आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांच्या पुढाकाराने 1606 साली तिथे सांता मोनिका या मठाचा पाया घातला गेला आणि 1627 मध्ये काम पुरं झालं. पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखातला बायकांचा हा पहिला मठ. ऑगस्टिनियन नियम, जांभ्या दगडाची तीन मजली इमारत, मध्ये चौक, बाहेरून भिंतींना टेकू देणाऱ्या आधारकमानी. आत गेलेली बाई पुन्हा उंबरा ओलांडत नसे. भेटायला आलेल्या आईबापांशीही बोलणं लोखंडी जाळीआडून. मठ लवकरच श्रीमंत झाला, कारण येणारी प्रत्येक जण हुंडा घेऊन येई आणि मोठ्या घरच्या विधवा वारशासकट येत. गोव्याच्या नगरपालिकेने तर थेट राजाकडे गाऱ्हाणं नेलं, की शहरातली मालमत्ता आणि लग्नाच्या मुली दोन्ही हा मठ गिळतो आहे. नगरपालिकेच्या त्या तक्रारीत भक्तीपेक्षा हिशेबाचा वास जास्त येतो, पण हिशेब चुकीचा नव्हता. आतही उतरंड होतीच: काळ्या बुरख्याच्या उपासक जोगिणी वर, पांढऱ्या बुरख्याच्या सेवेकरी खाली. घर भरलेलं होतं तोवर यातलं काहीच मठाला बाधलं नाही. 1636 मध्ये आग लागली, त्यातूनही मठ पुन्हा उभा राहिला.

मग 1834 आलं. पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे मठ एका फटक्यात बंद केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातही ते रिकामे झाले. बायकांच्या मठांना संथ शिक्षा मिळाली: आहेत त्यांनी राहावं, नवी एकही घेऊ नये, शेवटची गेली की मठ सरकारजमा. तोवर जुनं गोवं स्वतःच ओसाड पडत चाललं होतं. साथींना कंटाळून व्हाइसरॉयने 1759 मध्येच पणजीची वाट धरली होती आणि 1843 मध्ये राजधानीचा मानही अधिकृतपणे पणजीला गेला. त्या उजाड वस्तीत मठातल्या बायका म्हाताऱ्या होत गेल्या. सेवेकरी नव्या येणार नव्हत्या. दुखणं-खुपणं एका म्हातारीचं दुसऱ्या म्हातारीनेच काढायचं. 1885 साली शेवटची जोगीण वारली. सगळं मिळून पन्नास वर्षं.

हा मठ कायद्याने मारला, दाराने नव्हे, असं कुणी म्हणेल. अर्ध्यापुरतं ते खरं आहे. कायद्याने तरण्या मुलींना दार बंद केलं; समवयस्क बायकांना ते मठाच्या स्वतःच्या नियमाने दोन शतकं आधीच बंद केलं होतं. त्याच शहरात मेनेझिश यांच्याच काळापासूनची दोन आश्रयगृहं होती, सेर्राची आणि मारिया मादालेनाची. पहिलं अनाथ मुली आणि निराधार बायकांसाठी, दुसरं समाजाने ‘वाट चुकलेल्या’ ठरवलेल्यांसाठी. अब्रूच्या तराजूत या दोघींना शेजारी बसवायची कुणाची तयारी नव्हती. पण एकोणिसाव्या शतकात शहर मोडलं तेव्हा दोन्ही एकत्र करून चिंबलच्या कार्मेली साधूंच्या रिकाम्या मठात हलवली गेली. तिथे कायमची व्रतं नव्हती म्हणून ते जमलं, हे मान्य. माझा मुद्दाही तोच आहे.

पुढे जे संघ या किनाऱ्यावर आले ते चालते-फिरते होते. अपोस्टोलिक कार्मेलच्या सिस्टर 1870 मध्ये मंगळूरला उतरल्या त्या शाळा चालवायला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या आदेशात संघांनी आपसात सहकार्य करावं असं लिहून ठेवलं, पण त्याच्या वर्षभर आधीच, 1964 मध्ये, व्रतस्थ स्त्रियांच्या धर्मशिक्षणासाठी माटेर देई ही संस्था सुरू झाली होती. तिला जागा मिळाली ती सांता मोनिकात. जिथे एका संघाबाहेरची बाई आत येऊ शकत नव्हती, तिथे अनेक संघांच्या सिस्टर एकत्र शिकू लागल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक संघाची प्रार्थना, पेहराव, संस्थापिकेची आठवण वेगळी. एका घरात ते सगळं पुसलं जाणार नाही का? इथे बिदरचंच उदाहरण घ्यावं. शहराबाहेर अष्टूरला अहमदशाह वली बहामनीची कबर आहे. तो 1436 साली वारला. होळीनंतर, हिंदू पंचांगाप्रमाणे, त्याचा उरूस भरतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचे जंगम त्यात मानाने पुढे असतात. मुसलमानांना तो वली, अनेक लिंगायतांना अल्लमप्रभू. कुणी कुणाचं नाव बदलायला लावत नाही, आणि शतकं लोटली तरी जंगम जंगमच राहिला आहे. सिस्टरांच्या बाबतीत तर चर्चचा कायदाच पाठीशी आहे. 1983 च्या संहितेप्रमाणे एका संघातून दुसऱ्यात जायचं तर दोन्हीकडच्या प्रमुखांची संमती आणि किमान 3 वर्षांची परीक्षा लागते. सोबत जेवल्याने, राहिल्याने सदस्यत्व बदलत नाही. जिची तिची जबाबदारी तिच्याच संघाची राहते.

भाषेचा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. उतारवयात माणूस आईच्या बोलीकडे वळतो. मलयाळम, कोकणी, तेलुगू बोलणाऱ्या चार म्हाताऱ्या एका ओसरीवर बसवल्या तर गप्पा कोणत्या भाषेत होणार? पण याची दुसरी बाजू आहे. जिने चाळीस वर्षं हुमनाबाद किंवा आळंदच्या मुलांना शिकवलं, तिला आता तिच्या जन्मगावीही ओळखणारे फारसे कुणी उरलेले नसतात. तिची विचारपूस करायला येतील ते तिचे विद्यार्थी, आणि ते इथेच आहेत. कलबुर्गीत वृद्ध सिस्टरांसाठी वेगळं घर, नर्स आणि स्वयंपाकीण ठेवणं लहान संघाला एकट्याने झेपणं कठीण आहे. चार-पाच संघांनी मिळून ठरवलं तर झेपेल, आणि ते ठरवायचं तर सगळ्यांचे हातपाय चालतात तोवरच ठरवावं लागेल.