केरुआकांचा मूळपुरुष



आजची गोष्ट आहे एका मूळपुरुषाच्या शोधाची, आणि तीही सातासमुद्रापलीकडची.

जॅक केरुआक हे अमेरिकेतले नावाजलेले कादंबरीकार. जन्म १९२२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी. आईवडील दोघेही कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून आलेले, घरची भाषा फ्रेंच. १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून सुमारे नऊ लाख माणसे अमेरिकेत गेली. त्यांतली पुष्कळशी कापडगिरण्यांत कामाला लागली आणि कित्येकांची आडनावेही बदलली. 'लब्लां'चे 'व्हाइट' झाले. केरुआकांचे आडनाव मात्र टिकले आणि त्याबरोबर एक आख्यायिकाही टिकली : आपला मूळपुरुष म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला एक सरदार!

१९६५ साली केरुआक स्वतः पॅरिसला आणि तिथून ब्रिटनीतल्या ब्रेस्टला गेले. ग्रंथालये, दप्तरखाने धुंडाळले, पण हाती काही लागले नाही. या प्रवासावरचे त्यांचे एक छोटे पुस्तक पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

खरे तर क्वेबेकच्या फ्रेंचांइतके कुळशोधाच्या बाबतीत भाग्यवान लोक थोडेच. तिथल्या चर्चमध्ये प्रत्येक बारसे, लग्न आणि दफन वहीत नोंदले जाई. १६७९ पासून या वहीच्या दोन प्रती ठेवण्याची पद्धत पडली, एक चर्चकडे आणि एक सरकारी दप्तरात. एक जळाली तरी दुसरी उरे. तांग्वे नावाच्या एका पाद्र्याने या नोंदींवरून १८७१ ते १८९० या काळात कुटुंबांचा सात खंडांचा कोश छापला. १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठाने हे काम शास्त्रीय पद्धतीने हाती घेतले.

त्यामुळे क्वेबेकमध्ये केरुआकांचा धागा सहज सापडतो. सगळ्या शाखा मागे मागे जात काप-सँ-इग्नास या गावातल्या १७३२ सालच्या एका लग्नापाशी येऊन थांबतात. वधू लुईझ बर्निए, वर ल ब्री द केरुआक. चार वर्षांत, १७३६ मध्ये, तो वारला. पण समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये मात्र या नावाचा माणूस काही केल्या सापडेना.

सापडणार कसा? तो नाव बदलून राहिला होता! १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनीतल्या पात्रिसिया दाजिए या संशोधिकेने कोडे सोडवले. त्याचे खरे नाव उर्बँ-फ्रान्स्वा ल बिआँ द केर्वोआक, ह्युएलगोआत गावच्या एका नोटरीचा मुलगा. म्हणजे खात्यापित्या घरचा, पण सरदार वगैरे नव्हे. जॅक केरुआक १९६९ मध्येच वारले होते; त्यांना हे उत्तर कधीच कळले नाही.

याच माणसाच्या वंशात कॉनराड किरुआक, म्हणजेच ब्रदर मारी-व्हिक्तोरँ जन्मले. माँट्रियलच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे ते संस्थापक. एक कादंबरीकार आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ! नोटरीच्या पोराला यापेक्षा मोठी सरदारकी कोणती हवी?

मला मात्र राहून राहून लुईझ बर्निएचे नवल वाटते. नवऱ्याच्या नावाचा शोध पिढ्यान्पिढ्या चालला, त्याच्याभोवती दंतकथा रचल्या गेल्या. तिच्याबद्दल कोणी आख्यायिका सांगितली नाही. पण तिचे नाव शोधावेच लागले नाही, कारण तिथल्या नोंदवह्यांत लग्नानंतरही बाईचे माहेरचे आडनाव कायम राहते. त्या लग्नात ज्याच्या नावाचा अभिमान बाळगला गेला ते खोटे निघाले, आणि जिच्याकडे कोणी पाहिले नाही तिचे नाव पहिल्यापासून खरे होते.

आपल्याकडच्या वंशावळी बहुधा पुरुषांच्याच असतात. तेव्हा हे वाचणाऱ्या पुतण्या-भाच्यांना एकच सांगणे : घरात कोणी वडीलधारे असतील तर आजी-पणजीचे माहेरचे नाव, आडनाव आणि गाव आजच विचारून लिहून ठेवा. आपल्यापाशी दुसरी प्रत नाही.