चंद्रकांत पंडित आणि विदर्भाची साठ वर्षे

२१ डिसेंबर २०१७. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर रणजी करंडकाचा उपांत्य सामना. कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांची स्थिती ७ बाद १११ होती. अखेरच्या सकाळी तळाच्या फलंदाजांनी झुंजत धावसंख्या १८९ पर्यंत नेली आणि मग स्थापत्य अभियंता असलेल्या रजनीश गुरबाणीने डाव १९२ वर संपवला. विदर्भ पाच धावांनी विजयी!

नागपूर, वर्धा, अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंतच्या अकरा जिल्ह्यांचा हा संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला होता. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. आजचा धागा त्यांच्याविषयी.

त्याआधी थोडा भूगोल. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी वर्धा आणि नागपूर मध्य प्रदेशात होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, आणि १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी खेळू लागला. पुढची साठ वर्षे करंडक दूरच, अंतिम सामनाही वाट्याला आला नाही. गंमत अशी, की भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. पण त्यांच्या कर्तृत्वाची मोठी पर्वे इंदूरच्या होळकर संघात घडली. त्या संघाने चार वेळा रणजी जिंकली.

पंडित मुंबईचे. यष्टिरक्षक-फलंदाज. १९८६ साली लीड्स येथे कसोटी पदार्पण. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरील उपांत्य सामन्यात आजारी वेंगसरकरांच्या जागी खेळले आणि २४ धावा केल्या. एकूण ५ कसोटी, ३६ एकदिवसीय सामने. किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक समोर असताना याहून अधिक संधी मिळणे कठीणच होते.

पुढे ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात, बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर, तेच कर्णधार होते. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी हाती होती; म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता, तरी करंडक मध्य प्रदेशाचाच. अखेरच्या दिवशी कर्नाटकाच्या विजय भारद्वाजने सहा गडी टिपले, डाव १५० वर कोसळला आणि ९६ धावांनी पराभव झाला.

प्रशिक्षक म्हणून मात्र पंडितांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली. २०१६-१७ चा अंतिम सामना मुंबईने गुजरातविरुद्ध गमावला आणि त्यांचे पद गेले. तेव्हा विदर्भाने त्यांना बोलावले.

शिस्तीच्या बाबतीत पंडित कठोर म्हणूनच ओळखले जातात. तरीही सारे श्रेय एकट्या प्रशिक्षकाला देणे मला पटत नाही. मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश हे बाहेरून आलेले खेळाडू आधीपासूनच संघात होते, कर्णधार फैज फझल नागपूरचाच होता, आणि गोलंदाजीची धुरा तरुण गुरबाणीने उचलली होती. पंडितांनी या सर्वांना ‘आपण उपांत्यपूर्व फेरीपुरते नाही’ हे मानायला लावले.

अंतिम सामना दिल्लीशी, मैदान इंदूरचे होळकर! ज्या शहरासाठी नागपूरचे नायडू खेळले, तिथेच. गुरबाणीने हॅट्‌ट्रिक साधली, अक्षय वाडकरने १३३ धावांचे पहिले प्रथम श्रेणी शतक झळकावले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक उचलला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखलाही. त्या हंगामात चाळिशीच्या जाफरने १०३७ धावा केल्या.

त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. २६ जून २०२२ रोजी अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामीवर होता आणि समोर होती मुंबई, त्यांचे माहेर. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर हरलेल्या कर्णधाराला त्या दिवशी अश्रू आवरले नाहीत.

इकडे विदर्भाने २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा रणजी जिंकली, नागपुरात, केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर. पंडित तेव्हा विदर्भात नव्हते. कर्णधार होता अक्षय वाडकर.