ऑक्सी-फ्युएल ज्वलन म्हणजे काय?

कोळसा जाळायला ऑक्सिजन लागतो, पण हवेत तो जेमतेम 21 टक्के. 78 टक्के नायट्रोजन नुसताच बॉयलरमधून फिरून चिमणीतून बाहेर पडतो. त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण 12 ते 15 टक्केच असतो आणि तो वेगळा काढणं महागात पडतं.

ऑक्सी-फ्युएल पद्धतीत नायट्रोजन आधीच बाजूला काढतात. हवा अतिथंड करून जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन मिळवतात. नुसत्या ऑक्सिजनमध्ये भट्टी फारच तापेल, म्हणून बराचसा धूर परत आत सोडतात. उरलेला धूर थंड केला की वाफेचं पाणी होतं आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड राहतो. तो दाबून जमिनीखाली साठवता येतो.

हे फक्त कागदावर नाही. जर्मनीत श्वार्त्से पुम्पे इथे 2008 मध्ये 30 मेगावॅट औष्णिक क्षमतेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. ऑस्ट्रेलियातल्या कॅलाइड ए केंद्रात तर जुन्याच बॉयलरमध्ये बदल करून 2012 ते 2015 या काळात वीज बनवली. आज दोन्ही बंद आहेत.

मग अडलं कुठे? माझ्या मते ऑक्सिजनपाशीच. तो बनवण्यातच केंद्राची बरीच वीज खर्च होते. धूर वेगळा करायचा त्रास वाचला, पण हवा वेगळी करायचा वाढला! म्हणून अशा प्रकल्पाची बातमी वाचताना मी आधी एकच गोष्ट बघतो: ऑक्सिजनला किती वीज लागणार?