एका शब्दाची दुरुस्ती

हजिऱ्याला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना सुरत म्हटलं की साड्यांचा बाजार, हिऱ्यांचे कारखाने आणि शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. हंसा मेहतांचं नाव मात्र सहसा कुणी घेत नाही.

३ जुलै १८९७ रोजी त्या सुरतेत जन्मल्या. आजोबा नंदशंकर ‘करण घेलो’ या गुजरातीतल्या पहिल्या कादंबरीचे लेखक, वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. हंसाबेन नागर ब्राह्मण, तरी त्यांनी वैश्य कुळातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं. ज्ञातीला ते मुळीच रुचलं नाही. रीत मोडायची किंमत काय असते, हे त्यांना घरातच कळलं होतं.

१९४७-४८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात ‘ऑल मेन’ असं लिहिलेलं होतं. अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना वाटे, त्यात बायका आल्याच की! हंसाबेननी ऐकलं नाही. कितीतरी देशांत त्याचा अर्थ फक्त पुरुष असाच घेतला जाईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं. ‘आपण बाईमाणूस’ म्हणताना माणूस मागे राहतो आणि बाईच तेवढी उरते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला मतदान झालं. बाजूने ४८, विरोधात एकही नाही, तटस्थ ८. तटस्थांत सौदी अरेबिया होता. लग्नातले समान हक्क आणि धर्म बदलण्याचा हक्क त्याला मान्य नव्हता. पण पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी कुराणाचाच आधार घेऊन पाठिंबा दिला. धर्मग्रंथ एकच, वाचणारे दोन.

आपल्यात तरी वेगळं काय आहे? एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ. श्वेतांबर म्हणतात, त्या स्त्री होत्या, स्त्रीला मोक्ष आहे. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडचे दिगंबर म्हणतात, ते पुरुषच, आणि स्त्रीला मोक्षासाठी पुरुषजन्म घ्यावा लागतो. मग ‘आपली परंपरा’ म्हणायची कोणती?

हिशेबाच्या गोष्टीतही तेच. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे शिवसिंह राय विरुद्ध दाखो हा खटला गेला. नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर निपुत्रिक जैन विधवेचा पूर्ण हक्क, आणि दत्तक घ्यायला नवऱ्याची परवानगी नको, ही जैनांची रूढी तिथे मान्य झाली. त्या काळच्या हिंदू विधवेला एवढा हक्क नव्हता. म्हणजे आपल्या रूढीतच बाईचा हक्क होता. तो कुणी विलायतेहून आणला नव्हता!

आज कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतकाच वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो पक्का झाला आणि तो जैनांनाही लागू आहे. तरी हक्कसोडपत्र पुढे येतं. ‘सही कर गं, आपल्यात अशीच रीत आहे’ असं प्रेमानं सांगतात. माहेर तुटू नये म्हणून आपण सही करतोही. कुणाला स्वखुशीने सोडायचं असेल तर जरूर सोडावं, त्याग आपल्याला नवा नाही. पण जे आपलं आहे हे ठाऊकच नाही, त्याचा त्याग कसला?

म्हणून कागद पुढे आला की दोनच प्रश्न विचारायचे. ही रीत कुणाची? आणि ती ठरवताना आपल्यातल्या कुणाला विचारलं होतं का? हंसाबेननी तरी दुसरं काय केलं? एका शब्दापाशी थांबून त्यांनी विचारलं, यात आम्ही आहोत का?